गुलाबी नखं

इस्पितळात दाखल झालेल्या म्हाताऱ्या गेन्साकूंची निळी नखं पाहून नवी नर्स मिनोरी ऑक्सिजन आणायलाच धावली.

"अगं थांब पोरी," त्यांची बायको सुगिए हसली. "लग्नातही ती तशीच होती. जीन्सचं सूत निळीत रंगवतात ना ते!"

काही आठवड्यांनी नखांच्या मुळाशी गुलाबी कड दिसू लागली. मिनोरी खूश झाली, पण म्हातारबाबा जेवेनासेच झाले. औषध बदललं तरी तेच. तिला काही कळेना.

शेवटी ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आंबवलेली नीळ जिवंत असते. रोज ढवळावी लागते. माझा निळीचा रांजण मेला असणार."

"मेला म्हणे! आत्ताच ढवळून आलेय मी." सुगिएनं बाह्या वर सारल्या. हात कोपरापर्यंत निळे. उभ्या संसारात त्यांनी तिला रांजणाला शिवू दिलं नव्हतं. आता भडका उडणार, म्हणून मिनोरी मध्ये पडायला सरसावली.

त्यांनी बायकोचं बोट धरलं आणि सरळ जिभेवर टेकवलं.

"निळीला चुना कमी पडलाय," ते म्हणाले. "घरी जाऊन घाल आधी. इथं काय बसलीस माझं तोंड बघत!"