आवाज नसलेलं घर

१९६७ साली तिचं लग्न ठरलं, तेव्हा आईने बजावलं, "हे बघ, विचारतील तेवढ्याला मान हलव. तोंड उघडलंस तर जमलेलं मोडेल." बोलताना ती लहानपणापासून अडखळायची. सुदैवाने घड्याळं दुरुस्त करणारा नवराही अबोल निघाला.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक पाटी टांगलेली असे. 'साखर संपली', 'आज उशीर होईल'. सगळा संसार त्या पाटीवर चालला. शेजारीण म्हणायची, "आमच्याकडे भांड्याला भांडं लागल्याशिवाय दिवस मावळत नाही. तुमच्याकडे मेला आवाज म्हणून नाही! नशीब काढलंस हो." ती नुसती हसायची. तो दुकानात गेला, की मात्र दार लावून भिंतीशी बोलायची. आपलं अडखळणं त्याला कळलं तर आपण त्याच्या मनातून उतरू, ही धास्ती बेचाळीस वर्षं गेली नाही.

मग त्याला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. दवाखान्यात ती घरी जायला उठली, तशी त्याने डाव्या हाताने तिचा पदर धरला. लिहिणं आता शक्य नव्हतं. त्याचे ओठ बराच वेळ नुसतेच थरथरले.

"थां-थां-थांब ना गं. म-मला ल-लहानपणापासून अ-असंच..."

"म-म-मलाही," ती म्हणाली.


त्यानंतर तो नऊच दिवस जगला, आणि त्या नऊ दिवसांत "आजी-आजोबा, गप्पा जरा हळू मारा," म्हणून नर्स तीनदा रागावून गेली.