चीक गरम, सोऱ्या गार

"अहो, चीक शिजला," लताबाईंनी जिन्यातून पुन्हा हाक मारली.

खाली पार्किंगमध्ये भिकनराव धातू कापायचं मिलिंग मशीन बंद करून नुसते बसले होते. मशीनच्या टेबलावर लताबाईंच्या आईचा जाडजूड पितळी सोऱ्या आवळलेला होता. वर्षानुवर्षं कुरडया करून तो आतून झिजला होता. दाबलं की चीक खाली जायचा सोडून कडेने वरच यायचा. भिकनरावांनी थोडा जाड, नवा दट्ट्या करून आणला होता आणि सोऱ्याचं आतलं भोक त्याच्या मापाला वाढवत आणलं होतं. शेवटचा कट तेवढा राहिला होता.

ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे मशीन घेतलं. वीज खातं आणि घराला काही देत नाही, म्हणून लताबाई त्याला घरजावई म्हणत. तरी आज सोऱ्या त्याच्या तोंडी असतानाच त्यांनी चीक चुलीवर चढवला होता. गार झालेल्या चिकाच्या कुरडया होत नाहीत. गच्चीवर शेजारच्या चिमणाबाई चारजणींना घेऊन ताटकळत बसल्या होत्या.

लताबाई पदर खोचून खाली आल्या. नवरा हातावर हात ठेवून बसलेला पाहून त्यांचं डोकंच फिरलं.

"कापून कापून पितळ तापलंय गं," भिकनराव म्हणाले. "आत्ता मापलं तर बरोबर वाटेल, आणि गार झालं की भोक आकसून दट्ट्या अडकून बसेल. घाईत केसभर जास्त कापलं, तर आईंचा सोऱ्या कायमचा गेला."

लताबाई तरातरा वर गेल्या. पातेल्यावर झाकण ठेवलं, त्यावर गोधडी गुंडाळली, आणि हॉलमधला टेबलफॅन उचलून खाली आणला. सोऱ्याकडे तोंड करून तो लावला. मग तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा पितळेला हात लावत दोघं बसून राहिले.

"झाला बघा गार," त्या म्हणाल्या.

भिकनरावांनी मापलं, पुन्हा मापलं आणि अगदी हलका कट घेतला. सोऱ्या सोडवून पुसला. खालचं तोंड तळव्याने बंद करून वरून दट्ट्या सोडला.

दट्ट्या धपकन पडला नाही. आत कोंडलेल्या हवेवर बसून सावकाश, ऐटीत खाली गेला. त्यांनी तो वर ओढला. टप्प असा आवाज आला. भिकनरावांचा चेहरा फुलला. आता चीक कडेने वर येणार नव्हता.

"बघू," म्हणत लताबाईंनी सोऱ्या घेतला. टप्प. त्या हसल्या. आणखी एकदा, टप्प.

गच्चीवरून चिमणाबाईंनी ओरडून विचारलं, चीक गार व्हायची वाट बघताय का.

"गोधडी आहे त्यावर," लताबाई म्हणाल्या, आणि सोऱ्याच्या तोंडाला तळवा लावून दट्ट्या पुन्हा सोडला.