हुकाखाली

मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून क्रेनवाले दाजी आज पुन्हा केबिनमध्ये चढले. गेलं वर्षभर त्यांना वरून सगळं धुरकटच दिसायचं, पण नोकरी जाईल म्हणून त्यांनी ब्रही काढला नव्हता. नुसत्या अंदाजाने लोखंड इकडचं तिकडे केलं होतं.

आज मात्र खाली पडलेला नटसुद्धा लख्ख दिसत होता. आणि माणसंही. टांगलेल्या लोखंडाखालून ती खुशाल ये-जा करत होती. दर वेळी दाजींचा हात थबकायचा. कामाचा नुसता खोळंबा झाला.

“दाजी, ऑपरेशन डोळ्यांचं झालंय की हाताचं?” सुपरवायझर खालून ओरडला. “आधी कसं झपाझप व्हायचं!”

तेवढ्यात मेहुणा आला. त्याच्यामुळेच तर सगळा कारखाना त्यांना दाजी म्हणायचा. लटकत्या तुळईच्या बरोबर खाली त्याने फतकल मारली आणि डबा उघडला. दाजींनी केबिनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“अरे ऊठ तिथून! वर बघ जरा!”

मेहुण्याने मानही वर केली नाही.



“तुम्ही वर असताना बघायचं कशाला, दाजी? वर्षभर इथंच तर जेवतोय.”