येते हं

शरयूताईंनी अंगाऱ्याची पुडी पदराला बांधली, देवाला हात जोडले आणि नेहमीसारखं म्हटलं, “येते हं.”

“या, स्वागत आहे,” दार म्हणालं आणि बंदच राहिलं.

मुलानं गेल्या महिन्यात बसवून घेतलेलं हे बोलकं दार माणसाच्या शब्दावर उघडायचं. आधीच्या साध्या कडीनं चाळीस वर्षांत कुणाला अडवलं नव्हतं. तिकडे तासाभरात यजमानांना ऑपरेशनला नेणार होते, आणि त्याआधी शरयूताईंना त्यांच्या कपाळाला अंगारा लावायचा होता.

त्यांनी मुलाला फोन लावला.

“आई, एकदा ‘जाते’ म्हण ना. त्याला तेवढंच कळतं.”

“आजच्या दिवशी? तुझे बाबा तिथे पडलेत, आणि मी ‘जाते’ म्हणून घर सोडू?”

“अगं, यंत्र आहे ते!”

“मग यंत्रानं बोलायला शिकावं. मला शिकवू नकोस.”

दारावरची बोलणारी डबी बंद पडली की कुलूप आपोआप सुटतं, हे बसवणाऱ्यानं सांगितलेलं त्यांच्या पक्कं लक्षात होतं. त्यांनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला.

“काय करताय?” दारानं विचारलं.

“वाढवते,” त्या म्हणाल्या. नारळसुद्धा त्यांनी कधी ‘फोडला’ नव्हता.

“आवाज वाढवला आहे!” दार गरजलं, आणि वरवंटा डबीवर बसला. कुलूप खटकन सुटलं.

उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून शरयूताई वळल्या आणि गप्प झालेल्या घराला म्हणाल्या, “येते हं. दोघंही येतो.”