शंभरात ब्याण्णव

ब्याण्णव दाणे बदलून झाले तेव्हा सरांच्या तळहाताला घाम सुटला होता. आठ त्यांनी मुद्दाम तसेच ठेवले. लबाडीसुद्धा शोभेल इतपतच करावी.

मधली सुट्टी होती. प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. ओल्या कापडावर मक्याचे शंभर दाणे, दहा-दहाच्या रांगा. आठ दिवसांत एकालाही कोंब फुटला नव्हता. आता ब्याण्णवांना होता. ते दाणे सरांनी घरी परातीत मोड आणून, रुमालात बांधून आणलेले.

खाणीच्या वस्तीतून कृषी महाविद्यालयात आजवर कोणी गेलं नव्हतं. जागा एकच, आणि निवड आज, याच प्रयोगावर. हा प्रयोग वस्तीतल्या ज्या पोरीचा, वर्ग जिला 'खडी' म्हणून चिडवायचा, तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं सरांनीच. तिच्या आईनं तेव्हाच हात जोडले होते.

"दगड फोडणारी माणसं आम्ही, सर. दोन वर्षं झोपडीमागं मका पेरला, एक कोंब नाही. आमच्या हातालाच खोट आहे. पोरीचं हसं नका करू."

"माझ्यावर सोडा, ताई."

आणि पोर तरी कसली! दाणे ढिम्म, तरी रोज विचारलं की म्हणायची, "मनासारखं चाललंय, सर." पडलं तरी नाक वर.

प्रयोगाची वही परीक्षकांआधी कोणी उघडायची नाही, असा नियम होता. तो मात्र सरांनी काटेकोर पाळला.

घंटा झाली. महाविद्यालयाच्या परीक्षक बाई आल्या, मागोमाग खडी. बाईंनी चष्मा पुसून दाणे मोजले.

"ब्याण्णव! शाबास गं!"

खडी कापडाकडे बघतच राहिली. चेहरा पांढराफटक.

"सकाळपर्यंत तर..."

"फुटतात कधीकधी एकदम," सर घाईघाईनं म्हणाले आणि त्यांना स्वतःचीच जीभ चावावीशी वाटली. "लाजते जरा, बाई."

"बी कुठलं गं?"

"वस्तीत फुकट वाटलेलं," खडी कशीबशी म्हणाली. "आईनं पेरलं होतं, त्यातलंच."

बाईंनी वही उघडली आणि पहिलं पान मोठ्यानं वाचलं.

"'आमच्या हाताला खोट नाही. आम्हाला दिलेलं बीच मेलेलं आहे. शंभरातला एकही दाणा उगवणार नाही, हे मी दाखवणार आहे.'"