नवव्या भागातील दार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या धिप्पाड गृहस्थांनी पडद्यावरील नायकास अखेर दारासमोर आणून उभे केले. नायकाच्या हाती किल्ली होती. पडद्याच्या तळाशी अक्षरे उमटली : दार उघडण्यासाठी लाल बटण दाबा. गेमचा नववा भाग पाहावयास बोलावलेल्या दहाही चाहत्यांनी श्वास रोखून धरला. चित्रकार ताईंनीही रोखला, परंतु त्यांचे कारण निराळे होते. त्या दारामागे काहीही नव्हते, आणि ही गोष्ट साऱ्या जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होती.

वस्तुतः ते दार निव्वळ हौसेपोटी जन्मास आले होते. बावीस वर्षांपूर्वी ताई आणि त्यांचे थोरले बंधू यांनी या व्हिडिओ गेमचा पहिला भाग घरच्या जेवणाच्या टेबलावर सिद्ध केला. दादांनी संगणकाचा प्रोग्रॅम लिहिला, ताईंनी चित्रे काढली. किल्ल्याची एक भिंत फारच भुंडी दिसू लागली, म्हणून ताईंनी तिच्यावर एक दार रंगवले. ते उघडत नसे. उघडण्यासाठी ते काढलेच नव्हते.

पुढे एकामागून एक भाग निघाले. दार प्रत्येक भागात तसेच बंद राहिले, आणि चाहत्यांत उभे दोन तट पडले. एका तटाच्या मते आत नायकाची हरवलेली आई होती. दुसऱ्या तटास आईबिई काही नको होते. आत शत्रूचा सेनापती दडून बसला असून त्याच्याशी घनघोर लढाई क्रमप्राप्त आहे, असे त्यांचे म्हणणे. आईवाल्यांचे पुढारी म्हणजे हे लिफ्टवाले. लढाईवाल्यांचे नेतृत्व बालवाडीच्या एका निवृत्त बाईंकडे होते. बाई जेमतेम त्यांच्या कोपराला लागत. परंतु लेखी वादात त्यांनी या गृहस्थांची कित्येकदा भंबेरी उडवली होती.

आठवा भाग सपशेल पडला. दार उघडा, नाहीतर आमचा रामराम घ्या, असे दोन्ही तटांनी कळवले. नववाही पडला असता तर भावंडांची कचेरी बंद होऊन बारा माणसे घरी बसली असती. सबब दादांनी घोषणा केली की नवव्या भागात दार उघडेल. आतील खोली ताईंनी करावी आणि ती आधी कोणीही न पाहता चाहत्यांनीच प्रथम पाहावी, असा त्यांचा हट्ट होता.

ताईंनी आईची खोली केली. ती त्यांनाच रडकी वाटली, पुसली. लढाईचे दालन केले. त्यात नवे काही नव्हते, तेही पुसले. मग दोन्ही एकत्र करून पाहिले, तेव्हा आई सारखी तलवारीच्या मधे येऊ लागली. अशा अकरा खोल्या झाल्या आणि गेल्या. अखेरीस ताईंनी दारामागे नुसता काळोख ठेवला आणि खोली तयार आहे असे दादांना सांगून टाकले.

आता लिफ्टवाल्यांचा अंगठा लाल बटणावर होता. काचेपलीकडे दादा येरझारा घालत होते. एक मिनिट गेले. दुसरेही गेले. बाईंनी लिफ्टवाल्यांना विचारले, मुहूर्त बघताय की काय? ते म्हणाले की बावीस वर्षे थांबलो, जरा दम खाऊ द्या. मग त्यांनी अकस्मात कंट्रोलर बाईंपुढे धरला. तुम्ही वडीलधाऱ्या, मान तुमचा, असे ते म्हणाले. ज्या माणसास बाईंनी वादात आजवर एका शब्दाचीही सूट दिली नव्हती, त्याचा हा मोठेपणा पाहून त्या गांगरल्या. त्यांनी चष्मा पुसला, तो परत लावला आणि कंट्रोलर शेजारच्याकडे सरकवला. गरम पातेल्यासारखा तो दहा हातांतून फिरला. एकास तहान लागली. एकाच्या अंगठ्यास मुंग्या आल्या. फिरून फिरून तो पुन्हा लिफ्टवाल्यांकडेच आला.

"काय झालं तुम्हाला?" बाईंनी हळूच विचारले. "आत लढाई निघेल म्हणून घाबरलात?"

"लढाईचं काही नाही हो, बाई," लिफ्टवाले म्हणाले. "आत आईच असली, आणि तिने ओळखलंच नाही तर?"

बाईंच्या मनातील सेनापतीही बावीस वर्षांत फार मोठा झाला असावा. मग त्यांनी नायकास मागे फिरवण्यास सांगितले. लिफ्टवाल्यांनी तो फिरवला. दोन्ही तटांचे एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

जाण्यापूर्वी प्रत्येकाने अभिप्रायाचा कागद भरून दिला. दहाही कागदांवर एकच मजकूर होता : दार बंदच ठेवावे आणि नवव्या भागाच्या प्रतीसाठी आमचे नाव लिहून घ्यावे. त्यानंतर आत नक्की काय असेल यावरून जिन्यात जे भांडण जुंपले, ते खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होते.

दादा आत आले. कागद वाचून ते मटकन खुर्चीत बसले. ताईंना आता खोटेपणा सोसवेना.

"दादा, मी तुझ्याशी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "खोली केलीच नाही मी. त्यांनी बटण दाबलं असतं तर आत नुसता काळोख दिसला असता."

दादांनी रुमालाने कपाळावरचा घाम पुसला.

"काही दिसलं नसतं," ते म्हणाले. "तू खोली खरंच केलीस, आता दार उघडणार, या धास्तीने मी ते बटण दाराला जोडलंच नव्हतं."