भेळेवरून गेलेली खुर्ची

नगराध्यक्ष दिघ्यांना राजीनामा द्यायची सोय नव्हती. नव्या कायद्यानं तो हक्क जनतेचा. निम्म्याहून जास्त लोकांनी मनगटपट्टीवर ‘नको’ दाबलं, की खुर्ची त्याच क्षणी रिकामी. पण अकरा वर्षं लोक दाबायलाच तयार नव्हते. नात चालायला लागली, तीही दिघ्यांनी पडद्यावरच पाहिली. त्यांनी पाणीपट्टी वाढवली, तर लोक म्हणाले, “सरळ माणूस!” वरातीतले भोंगे बंद केले, तर सत्कार झाला.

शेवटी भर सभेत ते म्हणाले, “खरं सांगू? आपल्या भेळेपेक्षा शेजारच्या गावची भेळ चांगली.”

सभा खवळली. मग पटापट मनगटं वर आली. भिंतीवरचा ‘नको’चा आकडा चढत चढत निम्म्यावर येऊन अडकला. आता एकच मत कमी होतं. दिघ्यांनी स्वतःचं तर केव्हाच दिलं होतं. घाम पुसत त्यांनी पहिल्या रांगेतल्या बायकोकडे पाहिलं.

“अहो, अकरा वर्षं मी तुमच्याच बाजूनं होते,” सुमतीबाई म्हणाल्या, “आजही आहे.” आणि त्यांनी ‘नको’ दाबलं.

दिघ्यांनी अकरा वर्षांचा श्वास सोडला.

“चला, लेकीकडे जायची बॅग कालच भरलीय,” सुमतीबाई उठल्या. “पण वाटेत ती भेळ खायची नाही हं. अगदी बेचव असते.”